प्रसूतिगृहातून पाठपिशवीत : तारेच्या करवतीचा प्रवास

१.
संकटकाळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गिर्यारोहणाच्या संचांत पत्र्याची एक छोटी डबी असते. तिच्यात आगकाड्या, मेणबत्ती, मासे धरण्याचा गळ आणि होकायंत्र असते. तळाशी वेटोळे करून ठेवलेली एक पोलादी तार असते, तिच्या दोन्ही टोकांना एकेक कडी. ही तार म्हणजे करवत. कड्यांत बोटे अडकवावीत, तार फांदीभोवती घ्यावी आणि आळीपाळीने ओढावी, अशी तिची रीत. ती खिशात मावते आणि तिचे ओझे जाणवत नाही. मात्र ही तार लाकडासाठी घडवली गेली नव्हती. ती घडली अडलेल्या बाळंतिणीच्या हाडासाठी.

२.
तिचा प्रवास समजून घेण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारायला हवा. करवत लहान करणे इतके अवघड का? चाकू लहान केला तरी चाकूच राहतो. करवतीचे तसे नाही. पाते पातळ असेल तर कापायला कष्ट कमी पडतात, कारण भुसा कमी काढावा लागतो. परंतु पातळ पाते पुढे ढकलले की ते मधोमध वाकते. दोन्ही बाजूंनी दाबलेली लांब, सडपातळ वस्तू ठरावीक मर्यादेनंतर एकाएकी बाकते. या घटनेचे गणित लेओनहार्ड ऑयलर याने १७४४ मध्ये मांडले. कारागिरांना मात्र ही अडचण त्याआधी तीन हजार वर्षे ठाऊक होती.

३.
प्राचीन इजिप्तच्या सुतारांकडे तांब्याची आणि पुढे काशाची करवत होती. हे धातू मऊ. अशा पात्याला ढकलून कापणे म्हणजे ते वाकवून टाकणे. म्हणून त्यांची करवत ओढताना कापत असे. ओढलेल्या पात्यावर ताण येतो आणि ताणलेली वस्तू सरळ राहते. तिसऱ्या थुतमोसचा वजीर रेखमिरे याच्या थडग्यातील भित्तिचित्रांत हे काम पाहायला मिळते. लाकूड एका उभ्या खांबाला घट्ट बांधलेले आहे आणि सुतार ते वरून खाली चिरत आहे. धातूच्या उणिवेवर त्यांनी हाताच्या दिशेने मात केली होती.

४.
रोमनांनी दुसरी वाट काढली. त्यांनी लोखंडाचे अरुंद पाते लाकडी चौकटीत बसवले आणि वरच्या बाजूच्या दोरीला पीळ देऊन ते ताणून धरले. आता ढकला किंवा ओढा, पाते सरळच राहणार. त्यांच्या करवतीचे दाते आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला किंचित वाकवलेले असत. त्यामुळे भुसा बाहेर पडतो आणि पाते अडकत नाही, हे प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या ‘निसर्गेतिहास’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. शेवटचा हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तारेच्या करवतीची परीक्षा घेताना तो पुन्हा लागणार आहे.

५.
करवत केवळ सुताराची कधीच नव्हती. मराठीतला ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आला आणि हे करपत्र सुश्रुतसंहितेतील वीस शस्त्रांच्या यादीत आहे. तेथे त्याचे काम छेदन आणि लेखन, म्हणजे कापून काढणे आणि खरवडणे, असे सांगितले आहे. हाड आणि लाकूड या दोहोंवर एकाच जातीचे हत्यार चालते, हे प्राचीन वैद्यांना आणि सुतारांना सारखेच माहीत होते. तरीही शल्यवैद्यापुढे एक जादा अडचण असते. सुताराच्या फळीमागे मोकळी हवा असते. हाडामागे रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, जिवंत माणूस असतो.

६.
अठराव्या शतकातील युरोपात ही अडचण प्रसूतीच्या वेळी सर्वांत तीव्रपणे समोर येई. मुडदुसामुळे अनेक स्त्रियांचे कटिर अरुंद राहिलेले असे. बाळाचे डोके अडले की वैद्यापुढे दोनच भीषण मार्ग उरत. आईचे पोट चिरायचे, तर त्या काळी तिचा मृत्यू जवळजवळ ठरलेला. नाहीतर आईला वाचवण्यासाठी गर्भ पोटातच नष्ट करायचा. भूल देण्याची सोय नव्हती. जंतुसंसर्ग कशामुळे होतो हे कोणास माहीत नव्हते.

७.
ऑक्टोबर १७७७ मध्ये पॅरिसच्या झाँ-रने सिगो या वैद्याने तिसरा मार्ग अवलंबला. मादाम सुशो या मुडदुसाने खुजी राहिलेल्या स्त्रीची आधीची बाळे जन्मताना दगावली होती. सिगोने तिच्या कटिराच्या पुढील बाजूचा, जघनास्थींना जोडणारा कूर्चेचा सांधा कापला. कटिर थोडे फाकले आणि बाळ जिवंत जन्मले. आईही वाचली. पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाने सिगोच्या सन्मानार्थ पदक काढले. त्या आईला मात्र पुढे चालण्याचा आणि लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास सोसावा लागला. पदकावर तिचा हा त्रास कोरलेला नव्हता.

८.
सिगोने सुरी वापरली होती. पण सांध्याऐवजी हाडच कापावे लागले, तर? सरळ पात्याची करवत लावायची तर मोठी जखम करावी लागे आणि हाडाच्या मागे असलेल्या मूत्राशयाला इजा होण्याचा धोका राही. १७८० च्या दशकात स्कॉटलंडमधील दोन वैद्यांनी यावर उत्तर शोधले. एडिंबरोचा जॉन एटकिन आणि ग्लासगोचा जेम्स जेफ्री हे ते दोघे. एटकिनने आपल्या प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथाच्या १७८५ च्या आवृत्तीत लवचीक करवतीचे चित्र छापले. जेफ्रीची करवत म्हणजे घड्याळातील साखळीसारखी बारीक कड्यांची, दातेरी साखळी होती.

९.
या साखळीची खुबी तिच्या लवचीकपणात होती. वाकड्या सुईच्या साहाय्याने ती हाडाच्या मागून ओवून घेता येई. मग दोन्ही टोकांना मुठी लावायच्या आणि आळीपाळीने ओढायचे. दाते हाडाकडे, गुळगुळीत बाजू नाजूक अवयवांकडे. कापण्याची दिशा आतून बाहेर, म्हणजे धोक्यापासून दूर जाणारी. इजिप्तच्या सुताराने शोधलेले ओढण्याचे तत्त्व येथे टोकाला नेले गेले होते. पाते ढकलायचेच नसेल, तर ते ताठ असण्याची गरजही उरत नाही. जेफ्रीने ही करवत सडलेल्या सांध्यांवरील शस्त्रक्रियांसाठीही पुढे आणली आणि त्याविषयीचे पुस्तक १८०६ मध्ये प्रसिद्ध केले.

१०.
येथे समाजमाध्यमांवर वारंवार फिरणाऱ्या एका विधानाचा समाचार घेणे आवश्यक आहे. ‘झाडे तोडणाऱ्या चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला’ हे ते विधान. ते अर्धेच खरे आहे. साखळीला दाते लावण्याची कल्पना प्रसूतिशास्त्रात वापरली गेली, एवढे निश्चित. पण ती साखळी हाताने ओढायची, तळहातावर मावणारी होती. १८३० मध्ये व्युर्त्सबुर्गच्या बेर्नहार्ड हाइने याने मूठ फिरवून पात्याभोवती साखळी फिरवणारे अस्थिछेदक यंत्र बनवले. आजच्या चेनसॉचे रूप त्याच्याशी जुळते, तरी तेही हाडासाठी आणि हातानेच चालवायचे होते. पेट्रोलवर चालणारी जंगलतोडीची यंत्रे १९२० च्या दशकात जर्मनीत आली. ती इंजिनाच्या युगाची अपत्ये होत. दोन वस्तू सारख्या दिसतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

११.
साखळीचे दोष होते. कड्यांत रक्त आणि हाडाचा भुसा साचे, ती अडके, तुटे, आणि ती स्वच्छ करणे महाकठीण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्र उदयाला आल्यावर हा दोष अक्षम्य ठरला. फ्लॉरेन्सचा प्रसूतितज्ज्ञ लिओनार्दो जील्यी (१८६३–१९०८) याने साखळीच काढून टाकली. १८९४ मध्ये त्याने मांडलेली करवत म्हणजे पीळ दिलेली खरखरीत पोलादी तार होती. वेगळे दाते नाहीत, बिजागऱ्या नाहीत, दोन टोकांना दोन मुठी एवढेच. तार उकळून निर्जंतुक करता येई आणि ती इतकी स्वस्त की वापरून फेकून दिली तरी चाले.

१२.
जील्यीचा हेतूही सिगोपेक्षा थोडा निराळा होता. मधला सांधा कापण्याऐवजी त्याच्या बाजूचे हाड कापावे, कारण हाड सांध्यापेक्षा चांगले भरून येते, असे त्याचे म्हणणे होते. काळाने मात्र त्या शस्त्रक्रियेला मागे टाकले. १८८२ मध्ये माक्स झेंगर याने गर्भाशयाला टाके घालण्याची खात्रीची पद्धत मांडली होती. भूल आणि निर्जंतुकीकरण यांच्या जोडीने सिझेरियन उत्तरोत्तर सुरक्षित होत गेले. कटिराचे हाड कापण्याची गरज कमी झाली, पण तार टिकली. १८९० च्या दशकाच्या अखेरीस ती कवटी उघडण्यासाठी वापरली जाऊ लागली आणि अवयवच्छेदनाच्या शस्त्रक्रियांत तर तिने कायमचे स्थान मिळवले.

१३.
शल्यगृहातून ही तार युद्धात गेली ती ब्रिटिश गुप्तचर खात्यामुळे. डिसेंबर १९३९ मध्ये ‘एमआय ९’ ही शाखा स्थापन झाली. शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या आणि कैद झालेल्या सैनिकांना निसटण्यास मदत करणे हे तिचे काम. साधने बनवण्याची जबाबदारी ख्रिस्टोफर क्लेटन हटन याच्यावर आली. त्याने आपल्या आठवणींत सांगितलेली एक हकिकत रंजक आहे. तरुणपणी त्याने सुप्रसिद्ध जादूगार हुदिनीला लाकडी पेटीतून सुटण्याचे आव्हान दिले आणि तो हरला. हुदिनीने पेटी बनवणाऱ्या सुतारालाच आधी लाच देऊन ठेवली होती. सुटका मंचावर घडत नाही, ती आधीच्या तयारीत घडते, हा धडा हटनच्या पुढील सर्व कामात दिसतो.

१४.
त्या काळात रेशमावर नकाशे छापले गेले, गणवेशाच्या बटणांत होकायंत्रे दडवली गेली आणि बुटाच्या नाड्यांच्या आत जील्यीची तार घातली गेली. ही निवड अचूक होती. झडतीत हाताला लागणारी ताठ वस्तू पकडली जाते, वळणारी नाडी पकडली जात नाही. हाडामागून ओवता यावी म्हणून आलेला लवचीकपणा आता पहारेकऱ्याच्या बोटांना चकवण्यासाठी उपयोगी पडला. कैद्यापाशी वेळ भरपूर असे. एखादी फळी कापायला तास लागला तरी बिघडत नसे. साधन हाती असणे हेच तेथे महत्त्वाचे होते.

१५.
युद्धानंतर या लष्करी ज्ञानाचे नागरी पुस्तकांत रूपांतर झाले. ब्रिटिश विशेष दलातील जॉन ‘लॉफ्टी’ वाइझमन याचे ‘एसएएस सर्व्हायव्हल हँडबुक’ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्यातील पत्र्याच्या डबीच्या यादीत लवचीक करवत आहे. ही डबी नेहमीच्या सामानाला जोड म्हणून, सर्व काही हरवल्यावर खिशात उरावी म्हणून योजलेली होती. पुढे अशा डब्या बाजारात आल्या आणि ही मूळ अट मागे पडत गेली. शेवटचा आधार म्हणून ठेवलेली वस्तू अनेकांच्या सामानात पहिली आणि एकमेव करवत होऊन बसली.

१६.
आता प्लिनीचा मुद्दा आठवावा. ओल्या लाकडाचे तंतू भुशासह पात्याला चिकटतात. दाते बाजूला वाकवलेले असतील तर काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि पाते मोकळे राहते. तारेला ही सोय नाही. तिने पाडलेला काप तिच्याच जाडीएवढा असतो. फांदीच्या वजनाने तो मिटला की तार चिमटीत सापडल्यासारखी अडकते. ओढण्याची दिशा अरुंद झाली, म्हणजे तार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळली, की घर्षण वाढते, तार तापते आणि वळणावर तुटते. शल्यवैद्य हात फाकवून, लांब आणि संथ ओढी घेतो, कापाच्या जागी थंड द्रव सोडतो आणि तुटल्यास दुसरी तार मागून घेतो. डोंगरात थंडीने बधिर झालेल्या बोटांपाशी यातले काहीच नसते.

१७.
मग छावणीसाठी आटोपशीर करवत कोणती? येथे इजिप्तचा जुना धडा जपानमार्गे परत येतो. जपानी सुतारांची करवत आजही ओढताना कापते, त्यामुळे तिचे पाते अतिशय पातळ ठेवता येते. ह्योगो प्रांतातील मिकी हे गाव हातहत्यारांसाठी नावाजलेले आहे. हिदेयोशीने १५७८ ते १५८० या काळात मिकीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. उद्ध्वस्त गावाच्या उभारणीसाठी सुतार आणि लोहार तेथे जमले, असे तेथील परंपरा सांगते. बागकामासाठीच्या ओढून कापणाऱ्या जपानी पात्यांना घडीची मूठ मिळाली, तेव्हा पाठपिशवीत मावणारी खरीखुरी करवत तयार झाली.

१८.
रोमन चौकटीचा वारसाही जिवंत आहे. सुटे भाग करून गुंडाळून ठेवता येणारी धनुष्याकृती करवत जाड ओंडक्यांसाठी उत्तम, मात्र चौकटीची उंची संपली की तिचे काम थांबते. जेफ्रीच्या साखळीचे वंशजही दुकानांत मिळतात. दोन्ही टोकांना पट्ट्याच्या मुठी असलेली, हाताने ओढायची दातेरी साखळी ती हीच. ती तारेपेक्षा कितीतरी कार्यक्षम असते, कारण तिला खरे दाते असतात आणि तिचा काप रुंद पडतो. पण ती चालवायला दोन्ही हात आणि पुरेशी मोकळी जागा हवी. एक हात जायबंदी झालेल्याला तिचा उपयोग नाही.

१९.
म्हणून बहुतेक भटक्यांसाठी उत्तर घडीच्या, ओढून कापणाऱ्या करवतीकडे जाते. निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. पात्याची लांबी कापायच्या फांदीच्या जाडीच्या किमान दुप्पट असावी, नाहीतर प्रत्येक ओढीत भुसा बाहेर पडत नाही. मनगटाएवढ्या फांदीला साधारण १८ ते २० सेंटिमीटरचे पाते पुरते. ओल्या लाकडाला मोठे, विरळ दाते लागतात आणि सुक्या, कठीण लाकडाला बारीक. उघडलेले पाते पक्के अडकले पाहिजे, अन्यथा ते बोटांवर मिटते. दात्यांची टोके विशेष कठीण केलेली असतील तर ती कानशीने घासता येत नाहीत, तेव्हा पाते बदलण्याची सोय आहे का ते पाहावे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर किंवा कोकणात उतरणाऱ्यांनी पात्याला तेलाचा हात जरूर फिरवावा.

२०.
तारेची करवत फेकून द्यावी असे यातून निघत नाही. ती डबीत राहावी, परंतु आपल्या जागी. वापरण्याची वेळ आलीच तर हिरव्या लवचीक काठीचे धनुष्य करून तार त्यावर ताणावी. म्हणजे तिला रोमन चौकट मिळते, वळण सरळ होते आणि ती तुटण्याचा संभव घटतो. दोन हजार वर्षांच्या अंतरावरचे दोन उपाय अशा रीतीने एका काठीवर एकत्र येतात.

२१.
सह्याद्रीत मात्र यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. करवत काढावी केव्हा? राखीव वनांतील वृक्षतोड १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा ठरते. कळसूबाई–हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम त्याहून कडक आहे. शेकोटीच्या हौसेला तेथे जागा नाही. मोडलेल्या पायाला आधाराच्या काठ्या कापणे, वाटेवर आडवी पडलेली फांदी दूर करून जखमीला नेणे, रात्र काढण्यापुरता आडोसा उभारणे, या प्रसंगांसाठी करवत जवळ असावी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजावले आहे. जीर्ण झालेले झाडसुद्धा धन्याला राजी करून, मोबदला देऊनच तोडावे, अशी त्यातील शिकवण आहे. राज्याच्या गरजेलाही मर्यादा असते, हे अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले गेले.

२२.
एका तारेने चार घरे पाहिली. प्रसूतिगृहात तिला अरुंद जागेत शिरायचे होते, शल्यगृहात स्वच्छ राहायचे होते, तुरुंगात लपायचे होते आणि डबीत मावायचे होते. या चारही ठिकाणी तिचे लहानपण हा गुण ठरला. जलद आणि भरपूर लाकूड कापणे हे काम मात्र तिच्याकडे कोणी सोपवलेच नव्हते. कोणतेही साधन निवडताना ते किती लहान आहे याआधी ते कशासाठी लहान केले गेले, हे विचारावे. त्या उत्तरात कधी एखादा कैदी असतो, कधी एखादा वैद्य. आणि कधी मादाम सुशोसारखी एक आई, जिच्या वेदनेतून हत्यारांची एक अख्खी परंपरा पुढे सरकली.